कोपरगावला सायकलीवर

मास्तर,

आपल्या रोझीला कळा सुरू झाल्या, जावयांचा निरोप आलाय. मोटारीची वाट न बघता मी सायकलीवर कोपरगावला निघाले. बावीस मैलच आहेत, धास्तावू नका.

नगरच्या दुकानात एकेका सायकलीवर मला बसवून तुम्ही म्हणालात, "अंगणात फिरत गीत म्हण. जिच्यावर ते धाप न लागता सरेल, ती सायकल आपली." दुकानदार हसला, मी लाजेनं मेले. पण परवा राहुरीला जाऊन आले, तर ना पाठ दुखली, ना मनगट. माणसाला काय सोसवेल, हे तुमच्याइतकं कोणाला कळत नाही.

रोझीच्या लग्नापासून तुम्ही जावयांशी, इसहाकशी, बोलला नाहीत. निरोपात त्यांनीच म्हटलंय, "मामांनाही या म्हणावं."

मोटार पाचला सुटते. धुतलेला सदरा खुंटीला आहे. भाकरी दुपारपुरतीच केलीय.

मार्था