अठरा सेकंद

१४ मार्च, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. दोन वर्षांनी माझं पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. चिमणीचे दुधाचे दात पडायला लागले का? तुझ्या बायकोचा गुडघा कसा आहे? मी ठीक. स्टुडिओ चालतोय म्हणायचं, इतकंच.

गेले सहा महिने माझ्या प्रिंट परत येत होत्या. गिऱ्हाईक म्हणे, "ताई, फोटो फिका आलाय." मला तर चांगला भरलेला दिसायचा. मग एकेक गोष्ट तपासत बसले. कागद जुना म्हणून नवा आणला. डेव्हलपर ताजा केला, थर्मामीटर बदलला, एन्लार्जरचा दिवा बदलला. कागदाच्या एकाच पट्टीवर आठ, बारा, सोळा, वीस सेकंद उजेड देऊन पाहिला. मला बाराचाच तुकडा बरोबर वाटे, सोळाचा काळाठिक्कर. या वयात डार्करूममध्ये उभं राहून पायांचे तुकडे पडतात रे.

शेवटी कागदवाला म्हणाला, "ताई, सगळं तपासलंत, डोळे तपासलेत का?" मेल्याचा असा राग आला! पण गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीन-चार वर्षं तरी वाढत असणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आपलं भांडण दोन वर्षांपूर्वीचं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. परवा बाबांची निगेटिव्ह काढली. पाकिटावर तुझ्या अक्षरात 'अठरा सेकंद' लिहिलंय. तेवढाच उजेड दिला. वाळलेली प्रिंट दारात नेऊन उजव्या डोळ्याने पाहिली. बाबा, गालावरच्या वणांसकट, होते तसे. मग उजवा झाकून डाव्याने पाहिली. तोच काळवंडलेला चेहरा, ज्याच्यावरून मी चार पाहुण्यांसमोर तुझी प्रिंट टराटरा फाडली आणि म्हणाले, "बापाचं तोंडसुद्धा धड छापता येत नाही तुला."

तू म्हणालास, "ताई, जरा उजेडात बघ ना." बघितलं होतं रे. मला तसंच दिसलं. पण फाडायची काय गरज होती? त्याला डोळ्यांचं निमित्त नाही, तो माझा ताठा. फार लाज वाटते. हात धरून तुला मीच शिकवलं, आणि त्याच हातावर भरवसा ठेवायला जमलं नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन बावीस तारखेला आहे. दवाखान्याच्या अर्जावर 'घरचं माणूस' असा रकाना असतो, तो रिकामा सोडलेला चालत नाही. मागच्या वेळी शेजारणीचं नाव घातलं. या वेळी तुला न विचारता तुझं घातलंय. सकाळी साडेआठला पोचायचंय. येणार नसशील तर दोन ओळींत कळव, मी नाव खोडून घेईन. पण गप्प राहू नकोस.

दमलेली आणि चुकलेली,
तुझी ताई