इन्स्टिट्यूटात सोमवारची चाल

पूर्णा, रविवार, ता. १३ फेब्रुवारी १९५५, दुपारचे सव्वातीन. ड्यूटी संपवून, रॉकेलने बोटांची काजळी काढून लिहायला बसलो आहे.

तीर्थरूप अप्पांच्या पायाशी अण्णारावचा शरणार्थ. पत्रास कारण की, मी खुशाल आहे आणि एका गोष्टीची परवानगी पाहिजे.

आमच्या इंजिन शेडजवळ रेल्वेचे इन्स्टिट्यूट आहे, म्हणजे साहेब लोकांची संध्याकाळची बैठक. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ज्याला येईल त्याने तिथे वाजवावे, असा रिवाज आहे. मला गिटार शिकवणारे ड्रायव्हर रोझारिओ साहेब म्हणतात, या वेळी तू वाजव. आम्हा शेडातल्या खलाशांपैकी, म्हणजे इंजिने पुसणाऱ्या मजुरांपैकी, आजवर कोणी तिथे वाजवलेले नाही.

लपवत नाही, तिथे दारू मिळते. मी घेत नाही, घेणार नाही. पण मला पुरी येते ती एकच चाल, तुम्ही सोमवारी मठात भजनाला उचलता ती. साहेबांची गाणी मी मध्येच विसरतो. आपली चाल अशा जागी न्यावी का? तुम्ही नाही म्हणालात तर वाजवणार नाही.

सराव रिकाम्या मालडब्यात करतो. डाव्या बोटांना घट्टे पडलेत. आई भाजले म्हणून घाबरेल, तिला समजावून सांगा. त्या दिवशी घालायचा कोट रोझारिओ साहेबांचा आहे, त्याच्या बाह्या लांब आहेत आणि तारांत अडकतात. याची मला फार काळजी वाटते.

उत्तराची वाट पाहतो. माया आहेच, ती अशीच राहू द्यावी.

आपला आज्ञाधारक,
अण्णाराव


ताडकळस, ता. १७ फेब्रुवारी

चि. अण्णाराव यास ईश्वरअप्पाचे आशीर्वाद.

दुकानात गिऱ्हाईक ताटकळत ठेवून तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझी आई म्हणाली, पोराला रेल्वेत धाडलं का तमाशात. मग जेवताना तीच विचारायली, वाजवायच्या दिवशी उपाशी तर ठेवीत न्हाईत ना.

चालीचा लय इचार केला. चाल बाटत न्हाई, माणूस बाटतो. घेऊन जा. पण आंघोळ अन् लिंगपूजा झाल्याबिगर वाद्याला हात लावू नको. अन् आपली रीत ध्यानात ठेव. चाल उचलली की दुसरा कोणी उचलेपर्यंत खाली ठेवायची न्हाई. मठात मी ती कधी पडू दिली न्हाई. तिथं माझं नाव तुझ्या हातात हाय.

बाह्या आतून टाचून घे, हा तुझ्या आईचा, गंगम्माचा हुकूम. जिवाला जप, पत्र टाकीत जा.

ईश्वरअप्पा


पूर्णा, रविवार, ता. २७ फेब्रुवारी

तीर्थरूप अप्पांस शरणार्थ.

वाजवले! क्रमाने सांगतो. खुर्चीवर बसून वाजवायची सवय नाही, म्हणून जोडे काढून खाली मांडी घातली. लोक हसले. मी मान खाली घालून चाल उचलली. ती पुरी झाली तशा टाळ्या पडल्या. मी पुढचा कोण उचलतो म्हणून पाहिले. कोणीच उचलेना. म्हणून पुन्हा सुरू केली. मग तिसऱ्यांदा. टाळ्या थांबल्या, कुजबुज सुरू झाली. रोझारिओ साहेब खालून हात हलवत होते. मला वाटले, हळू वाजव म्हणतात, म्हणून हळू वाजवली. बोटे सोलून निघाली, पण तुमचे नाव पडू द्यायचे नव्हते.

तेवढ्यात एक धिप्पाड गार्ड साहेब तरातरा मंचावर आले. आता मला उठवतात, असे वाटले. ते बुटासकट माझ्या शेजारी खाली बसले आणि त्यांनी फिडल, म्हणजे व्हायोलिन, खांद्याला लावले! तुम्ही मान हलवून चाल देता तशी मी त्यांना दिली. त्यांच्याकडून पियानोवाल्याने घेतली. एका फायरमनने टेबलावर ठेका धरला. मॅनेजरने घंटा वाजवली तेव्हाच चाल थांबली.

मागाहून रोझारिओ साहेब म्हणाले, अरे बाबा, इथे आपले गाणे झाले की उतरायचे असते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण गार्ड साहेबांनी चाल कोणाची म्हणून विचारले. मी म्हणालो, ताडकळसच्या ईश्वरअप्पांची. त्यांनी तुमचे नाव सगळ्यांना मोठ्याने सांगितले. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारची, ता. २६ मार्चची, सुरुवात मी करायची ठरली आहे.

आईला नमस्कार. तिच्या हुकमाने टाचलेल्या बाह्या शेवटपर्यंत टिकल्या. लेकरावर लोभ ठेवावा.

अण्णाराव


ताडकळस, ता. ८ मार्च

चि. अण्णाराव यास आशीर्वाद.

काल मठात भजनाला लिंबाजीनं टोमणा मारलाच. म्हणाला, अप्पा, तुमचं पोरगं गुत्त्यात वाजवायलंय म्हणे. मी तुझं पत्र खिशातून काढून सगळ्यांसमोर वाचलं. गार्डाच्या बुटाला सगळे हसले. वाचून झाल्यावर लिंबाजीच म्हणाला, बोटं सोलल्याचं पुन्हा वाचा. मी वाचलं. मग तिसऱ्यांदा कोणी न सांगताच वाचलं.

ता. २६ ला मी पूर्णेला यायलोय. धोतरावर आत घेतात का ते इचारून ठेव. शनिवारी दुकान बंद ठेवतो. तुझा आजा गेला त्या दिवशी ते बंद होतं, त्यानंतर एकदाही न्हाई. कुलूप दिसलं की लोक धावत येतील, अप्पाच्या घरी कोण गेलं म्हणून. तुझी आई दारात बसून सांगणार हाय, कोणी गेलं न्हाई बाबांनो, आमचा अण्णा वाजवायलाय.

ईश्वरअप्पा