सावकाशची किल्ली

६ ऑक्टोबर

विमान रात्री उडालं आणि चार मिनिटांत समुद्रात पडलं. आज तिसरा दिवस. यादीत धाकट्या भावाचं नाव आहे. आईला ते मान्यच नाही. "यादी तिकीट काढलेल्यांची. तो कधी वेळेवर पोचलाय? विमान चुकलं असणार, आणि लाजेने तोंड लपवून बसला असणार."

त्या दिवशी घरातली तिन्ही घड्याळं मीच तासभर पुढे केली होती — त्याचं विमान चुकू नये म्हणून! हे फक्त इथे लिहिते आहे.

९ ऑक्टोबर

जन्मालासुद्धा बारा दिवस उशिरा आला. बाबा त्याला 'सावकाश' म्हणायचे, तेच नाव चिकटलं. लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि स्वतः जिन्यात तासतासभर अडकायचा — शेजारच्या आजोबांशी गप्पा मारत. हातात घड्याळ नाही. म्हणे मनगटाला खाज सुटते. माझ्या पदवीच्या समारंभाला पोचला तेव्हा माणसं खुर्च्या उचलत होती. यानेही चार उचलल्या. किती चिडले होते मी!

घराची किल्ली तीनदा हरवली. शेवटची, कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याने अशी काही कापली की दाराला गुडघा लावायचा आणि दोनदा खडखडवायचं, तेव्हा कुठे लागायची. ती खडखड ऐकली की आई त्याचं ताट घ्यायची.

१० ऑक्टोबर

मावशी म्हणाली, कुलूप बदलून टाका, एक किल्ली बाहेर आहे. आई दिवसभर तिच्याशी बोलली नाही.

१७ ऑक्टोबर

आज राहवलं नाही. घड्याळांचं सांगून टाकलं, रडत रडत. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाऊक आहे. तुझी पाठ वळताच मी तिन्ही मागे केली. पोराला दोन घास सुखाने खाऊ देत म्हणून. तो निघाला तेव्हा विमान सुटायला अर्धा तास होता, आणि विमानतळ तासावर. कसा पोचेल?"

म्हणून तिला एवढी खात्री! माझा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी दोघी हसलो. मग मीही दाराकडे कान लावून बसले.

२ नोव्हेंबर

पेपरात चौकशीची बातमी. विमान दीड तास उशिरा सुटलं होतं. काही बिघाड होता म्हणे. पेपर मी रद्दीच्या तळाशी घातला.

२१ नोव्हेंबर

विमान कंपनीच्या कार्यालयात बोलावलं होतं. समुद्रातून काढलेल्या वस्तू टेबलावर मांडल्या होत्या. एक पितळी किल्ली, दात वेडेवाकडे. मी उचलली. कारकुनाने सही घेतली. म्हणाला, लावून बघा, नाही लागली तर परत आणा. रस्ताभर एकच मागणं — लागू नये.

संध्याकाळी

गुडघा लावला. दोनदा खडखडवलं. दार उघडलं.

आतून ताट घेतल्याचा आवाज आला.

"आलास? हात धुऊन घे."