कच्चा कान

महाल, नागपूर
१९ मे १९८१

चि. मधू,

ताईचे आशीर्वाद. मी बरी आहे. शाळेला सुट्टी लागली, पेपर तपासून दिले. पारा पंचेचाळीसवर आहे. कूलरला नवीन वाळा लावून घेतला. आता दिवसभर त्याचीच घरघर ऐकते, घरात दुसरा आवाज नाही. शेजारच्या कांताबाई मुलाकडे अकोल्याला गेल्यात, त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचं माझ्याकडे आहे. म्हणजे सकाळचं एक काम तरी आहे.

इंदूची कंबर कशी आहे? भिलाईतही ऊन असंच असेल.

वृंदाचं पत्र आलं. अक्षर अगदी तुझं, उजवीकडे कललेलं. तुझ्या ट्रंकेत तिला एक "छोटी गिटार" सापडली म्हणे. तू ते युकुलेले ठेवलं आहेस हे मला माहीत नव्हतं. तुमच्या शेजारचे मास्तर सकाळी तारा लावून देतात आणि दुपारपर्यंत त्या उतरतात. "आत्या, तू सायन्स शिकवते ना, मग सांग काहून होते असं?" आणि खाली बारीक अक्षरात, "मले गाण्याच्या क्लासला जायचं आहे, पण बाबा म्हणतात आपल्या घरचा कानच कच्चा आहे. तुझ्या आत्याले विचार म्हणतात."

चार दिवस ते पत्र टेबलावर आहे. दोनदा उत्तर लिहायला बसले आणि उठून पाणी प्यायला गेले.

विज्ञानाचं सोपं आहे. नायलॉनची तार तापली की सैल पडते, सैल पडली की सूर उतरतो. लाकडाचंही तसंच. ओलसर हवेत ते फुगतं आणि तारा ताणून धरतं, कोरड्या हवेत आकसतं आणि ताण सोडतं. कूलरच्या खोलीत लावलेलं वाद्य बाहेरच्या उन्हात नेलं की दोन्हीकडून उतरणार. ते पुरतं तापेपर्यंत परत लावूनही उपयोग नाही, परत उतरतं. जिथे वाजवायचं तिथल्या हवेत त्याला आधी तासभर राहू द्यावं, मग लावावं. वृंदाला एवढं सांग. वाद्यात खोट नाही. मास्तरांच्या कानात नाही, तिच्याही नाही.

तुझ्याही नव्हती, मधू.

सदुसष्टचा मे. इतवारीतल्या कापडवाल्यांकडचं लग्न, आणि इंदूरहून आलेला ऑर्केस्ट्रा. तू वीस वर्षांचा. अजनीच्या रेल्वे क्वार्टरातले अँग्लो-इंडियन गार्डसाहेब देश सोडून जाताना ते वाद्य तुला देऊन गेले, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी सांगितलं होतं, दोन गाण्यांना आमच्याबरोबर वाजव, जमलं तर सोमवारच्या गाडीने आमच्यासोबत चल. आठवडाभर तू नीट जेवला नाहीस.

त्या दिवशी दुपारभर तू कूलरसमोर बसून तारा लावल्यास. चार वाजता मीच वाद्याची पेटी बंद करून तुझ्या हातात दिली. तेव्हाच माझ्या मनात आलं, की पत्र्याच्या मांडवात, त्या दिव्यांखाली हे टिकणार नाही. सातवीच्या मुलींना मी दरवर्षी हाच धडा शिकवत होते. "लवकर जा, तिथे बसून लाव," एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं.

पहिल्याच गाण्यात लोक हसायला लागले. तू तारा पिळत होतास, त्या उतरत होत्या, हार्मोनियमवाला तुझ्याकडे बघून मान हलवत होता. दुसरं गाणं तुझ्याशिवायच झालं. रिक्षात तू विचारलंस, "ताई, काहून उतरून राहिल्या वं तारा? मी तर बरोबर लावल्या होत्या." मी म्हणाले, "तारांचं काही नाही, बाबू. कानच कच्चा आहे तुझा."

तू मानलंस. मी सायन्सची बाई ना.

आई-बाबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी वीसची. तुला न्हाऊमाखू घालण्यात, तुझा अभ्यास घेण्यात माझी अकरा वर्षं गेली. तू त्या गाडीत बसलास तर दोन खोल्यांत मी करणार काय, हे मला दिसत होतं. पुढे सहा महिन्यांत तू कारखान्यात नोकरी धरून गेलासच. जे टाळायला गेले तेच झालं, आणि तू गाणंही सोडलंस.

वृंदाला क्लासला घाल. आत्याने सांगितलं म्हणून घाल.

तुझी,
ताई


महाल, नागपूर
११ जून १९८१

चि. मधू,

तुझं चार पानी पत्र मिळालं. चौदा वर्षांत तुझं एवढं लांब पत्र पहिलंच. मी ते पोस्टमनसमोर उभ्याउभ्याच वाचायला लागले, तो बिचारा पाणी मागत होता तेही कळलं नाही.

वृंदाचा क्लास सुरू झाला, फार बरं झालं. तू लिहितोस, "ताई, तू तरी काय करणार होतीस, आई-बाबा गेले तेव्हा तूही पोरगीच होतीस." लिहितोस की शाळा उघडेपर्यंत पंधरा दिवस ये, इंदूने तुझ्यासाठी पुढच्या खोलीत खाट टाकली आहे. परवा मी रिझर्वेशनच्या खिडकीपर्यंत गेले. माझा नंबर आला आणि मी रांगेतून बाहेर पडले.

तू माफ केलंस ते अर्ध्या गोष्टीला. उरलेली न सांगता त्या खाटेवर मला झोप येणार नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्केस्ट्राचे मालक आपल्या घरी आले होते. पत्ता विचारत विचारत, घामाघूम. दारातच म्हणाले, "बहनजी, लड़के का हाथ बहुत अच्छा है. इस गर्मी में तार तो उतरेंगे ही, उसका क्या कसूर? सोमवार को स्टेशन भेज दीजिए."

तू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होतास. जागा होतास की नाही, कोण जाणे. कूलर चालू होता.

मी दार ओढून घेतलं आणि सांगितलं, "तो रामटेकला गेला आहे मामांकडे. महिनाभर येणार नाही." त्यांनी चिठ्ठीवर इंदूरचा पत्ता लिहून दिला. ते गल्लीच्या टोकाशी दिसेनासे झाल्यावर मी ती चिठ्ठी चुलीत घातली आणि त्याच चुलीवर तुझा चहा केला. तू उठलास, म्हणालास, "कोण आलं होतं?" मी म्हणाले, "दूधवाला."

मागच्या पत्रात मी कारणं दिली, आई-बाबा काढले, माझी अकरा वर्षं काढली. माफी मागितलीच नाही. आता मागते. चुकले रे मधू. फार चुकले.

तिकीट काढलेलं नाही. हे वाचूनही ये म्हणालास तर त्याच दिवशी निघेन. नाही म्हणालास, किंवा काहीच कळवलं नाहीस, तर मी समजून घेईन. वृंदाला मात्र यातलं काही सांगू नकोस. तिच्यासाठी मला आत्याच राहू दे.

तुझ्यासाठी आता कोण म्हणून सही करावी ते कळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

सत्यवती