मनगटाचा तिसरा ठोका

प्रिय फ्लुरिन,

पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटली तर विणायची सुई घालू नकोस, लहानपणी हात मोडला होता तेव्हा घातली होतीस तशी. दवाखान्यातलं जेवण तुला जात नाही म्हणे. बार्लीचं सूप पाठवलंय, नाक न मुरडता पी. मला हल्ली फार थकायला होतं रे. जिना चढताना मधेच पायरीवर बसते आणि बसले की उठावंसं वाटत नाही.

गावात अजून दोन वीतच बर्फ आहे. एवढ्याशा बर्फाला काय भ्यायचं, असं दर नोव्हेंबरात सगळे म्हणतात. तुला सांगायला नको, ऑक्टोबरातला बर्फ उत्तरेच्या सावलीत पडून राहतो, थंडीनं त्याची साखर होते, दाणा दाण्याला धरत नाही. त्यावर नवा थर बसला की वरून सगळं कसं छान दिसतं. एकतीस वर्षं मी सकाळी सात वाजता त्या उतारावर खड्डा खणते, बर्फाचा खांब कापते, वर फावडं ठेवून ठोकते. दहा ठोके मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या ठोक्याला खांब सुटतो ते खाली कळवायचं; जितका लवकर सुटेल तितका उतार कोसळायचा धोका जास्त. गेल्या वर्षी मी तीनदा उतार बंद करायला लावला आणि तिन्ही वेळा काहीच कोसळलं नाही, तेव्हा हॉटेलवाल्यांनी मला भित्री भागुबाई ठरवलं. तुझा मित्र याखेनसुद्धा हसला होता. म्हणे, ब्राइदाच्या भरवशावर राहिलो तर स्की भिंतीलाच टांगून ठेवाव्या लागतील. मीही हसले होते त्याच्याबरोबर.

काल मेंगिया आली होती. नवऱ्याला पुरून नऊ दिवस झालेत आणि ही बाई माझ्यासाठी अक्रोडाचा केक घेऊन येते. बसली, हातमोजे काढले नाहीत. म्हणाली, "फ्लुरिननं तुला नुसतं विचारलं असतं ना, तर माझा याखेन आज घरी असता." तुझं तोंड पाहायचं नाही म्हणते. मी तिला कॉफी दिली आणि केक कापला.

पोलिसांना तू लिहून दिलंस की कुणालाही न विचारता मी याखेनला वर घेऊन गेलो. मंगळवारी चौकशी आहे. तुझा वाटाड्याचा परवाना जाणार असं सगळे धरूनच चाललेत. बावीस वर्षं तू माणसं सुखरूप खाली आणलीस. आता काय, हॉटेलात बश्या विसळणार आहेस?

त्या सकाळी तू पावणेआठला मला फोन केला होतास, दर हंगामाच्या पहिल्या दिवशी करतोस तसा. "ताई, काय म्हणतोय बर्फ?" आणि मी म्हणाले, "खांब खांद्यापर्यंत टिकतोय. जा." फ्लुरिन, मी तेव्हा घरातच होते. रात्रभर गुडघा ठणकला होता, बाहेर वारा सुटला होता, आणि एवढ्याशा बर्फात एका रात्रीत काय बदलणार, असं माझ्याच मनात आलं. मी तुला आदल्या दिवशीचं सांगितलं. तुम्हा दोघांना कोसळलेल्या बर्फाखालून बाहेर काढल्यावर, संध्याकाळच्या आत, मी एकटी जाऊन खणलं. मनगटाच्या तिसऱ्या ठोक्याला खांब सुटला. हे मी अजून कुणाला बोललेले नाही. मंगळवारी बोलणार आहे. पण आधी मेंगियाला. हे पत्र टपालात टाकलं की तिच्याकडेच जाते, केकची रिकामी थाळीही द्यायची आहे. तू मला वाचवायला बघतोयस, कळतं मला ते, आणि त्यानं जास्तच जीव जातो माझा. तुझ्याकडून एवढंच हवंय. त्यांनी विचारलं, बहिणीला फोन केला होतास का, तर या वेळी हो म्हण.

तुझीच ताई,
ब्राइदा