गळका तलाव आणि तीन बादल्या

प्रिय साडूभाऊ,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईंना माझा नमस्कार सांगा. आमची ही तुमच्याकडे येऊन आज एकवीस दिवस झाले, तेव्हा तिच्या हातचं खाऊन तुमचं वजन किती वाढलं तेही कळवा. इकडे मी बरा आहे (रोज एक भांडं करपतं, एवढंच).

तुम्ही ज्याला कौतुकाने 'हौद' म्हणता, त्या आमच्या पोहण्याच्या तलावाची हकिगत तिने तिच्या बाजूने सांगितली असेलच. आता माझी ऐका. उन्हाळा लागल्यापासून पाणी रोज चार बोटं उतरत होतं. ऊन पितंय की जमीन, काही कळेना. शेवटी गळती शोधणारा मिस्त्री आणला. (हा गृहस्थ फरशीला पेला लावतो, पेल्याला कान लावतो आणि डोळे मिटतो. पहिल्या दिवशी मीही शेजारी डोळे मिटून बसलो, आणि आम्ही दोघं थेट चहाच्या वेळेला जागे झालो.) त्याने तोडगा सांगितला. तलावाचंच पाणी बादलीत भरायचं, बादली तलावाच्या पायरीवर ठेवायची आणि दोन्हीकडे पाण्याच्या रेषेवर खूण करायची. ऊन दोन्हीकडचं पाणी सारखंच पिणार. तलाव जास्त उतरला तर गळती नक्की.

दुसऱ्या दिवशी तलाव चार बोटं उतरला आणि बादली चांगली वीतभर. मिस्त्रीने खूप विचार केला आणि तलाव ठणठणीत आहे, बादली गळतेय असा निकाल दिला. तो पडला जाणकार, आपण काय बोलणार? बादली बदलली. तीही गळकी निघाली. तिसरी तर मी दुकानातच भरून, तासभर तिच्यासमोर बसून मग आणली (दुकानदार हल्ली ओळख दाखवत नाही). पुढच्या सकाळी जरा लवकर उठून पाहतो तर काय, आमची ही पोहून बाहेर येता येता त्याच बादलीतून तांब्या तांब्या पाणी कुंड्यांना घालत होती. भरलेली बादली नुसती बसून राहिलेली तिला बघवत नाही, हा तिचा जुना स्वभाव.

मी मिस्त्रीदेखत नको ते बोललो. तुझ्यामुळे सगळा घोळ झाला म्हणालो, वर साधी बादली सांभाळता येत नाही असंही म्हणालो. तिने टॉवेल वाळत घातला, बॅग भरली आणि "तलावात पाणी टिकलं की कळवा" एवढंच म्हणून तुमच्याकडे निघाली.

मग तलाव उपसला. साडूभाऊ, रिकाम्या तलावात कधी आडवे पडला आहात का? पाच दिवस मी दुपारी खोल बाजूला चटई टाकून पडत होतो. चारी बाजूंना निळ्या फरशा, वर आभाळाचा तेवढाच चौकोन, आणि ढग एका काठाने आत येऊन दुसऱ्या काठाने सावकाश निघून जायचे. पडल्या पडल्या वाटायचं, पाणी अजून आहेच, आपणच अलगद तळाला टेकलोय. कोणीतरी वरून हात मारत चाललंय आणि त्याची सावली अंगावरून सरकतेय असं वाटायचं. डोळे उघडावे तर कावळा. एकदा गुंगीतच "अगं ए" म्हणून हाक मारली. ती चारी भिंतींना लागून परत आली, आणि वरून मिस्त्री डोकावून म्हणाला, "काका, मला बोलावलंत?" घर खायला उठतं हो. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जपा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. गळती सापडली. पायऱ्या उतरताना हिला आधार हवा म्हणून गेल्या वर्षी मी स्वतः भिंतीत भोकं पाडून कठडा बसवला होता. त्यातलं एक भोक आरपार गेलेलं. पाणी तिथूनच जात होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

ता. क. २ भोक बुजवून, तलाव भरून बारा दिवस झाले. पाणी जागचं हललेलं नाही. तिला कळवलं नाही, कारण मग भोकाचंही सांगावं लागलं असतं.

ता. क. ३ हे पत्र वाचून झालं की तिच्या हातात द्या. 'चुकलं माझं' म्हणायला तोंडावर जीभ रेटत नाही, म्हणून एवढं लांबण लावलं. तलाव काठोकाठ भरलाय आणि मी रोज सकाळी काठावर बसून असतो. मला पोहता येत नाही, साडूभाऊ. तो तिच्यासाठीच बांधला होता.