पिवळ्या त्रिकोणातला ठिपका

सोमवार, ४ मे
आर्ट गॅलरीत रखवालदाराची नोकरी लागली. ट्रायलवर. ताई म्हणाली, ही टिकली नाही तर माझा सोफा सोडायचा आणि बाबांच्या दुकानात पंक्चर काढायला बसायचं. दाजी पेपरामागून 'ऐकलंस ना' म्हणाले.
ठरलं. आता हीच नोकरी, कायमची.
वाट्याला एकच चित्र आलंय. लाल गोल, पिवळा त्रिकोण, निळा चौकोन. संपलं. शाळेत मी असं काढलं असतं तर सरांनी कान उपटला असता.

मंगळवार, ५ मे
गाइड पळाला. गॅलरीच्या मॅडम म्हणाल्या, शनिवारी पाहुण्यांसमोर या चित्रावर तू बोल. जमलं तर कायम करते, नाहीतर नमस्कार.
संकल्प: रोज तासभर चित्राकडे टक लावून बघणे.
११.१० सुरुवात.
११.१४ लाल गोल बघून टायर आठवला. मग बाबा. कॉफी प्यायला गेलो.

बुधवार, ६ मे
लांबून काहीच कळेना. शेवटी दोरी ओलांडून नाक टेकेपर्यंत जवळ गेलो. तरी कळेना. कानावरचं पेन गळतंय, कान काळा झाला. नवं घ्यायला हवं.

गुरुवार, ७ मे
सापडलं! पिवळ्या त्रिकोणात एक काळा ठिपका! इतके दिवस दिसलाच नव्हता. नजर तयार होणं म्हणतात ते हेच. बिचारा एकटा. स्वतःचं काही नाही, दुसऱ्याच्या त्रिकोणात राहतोय. डोळे भरून आले.
पेन राहिलंच.

शुक्रवार, ८ मे
भाषण तयार. सगळं ठिपक्यावर. ताईला म्हणून दाखवलं, ती रडली. दाजी म्हणाले, कांदा चिरतेय ती.
झोप नाही. देवा, एवढी एक नोकरी राहू दे. परत काही मागणार नाही.

शनिवार, ९ मे
सुरुवात झकास. ठिपक्यापाशी आवाज कापरा केला, एका बाईंनी नाक पुसलं. तेवढ्यात एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, हा ठिपका कसला? मी प्रेमाने समजावलं, काका, आधी मलाही दिसत नव्हता, बघायला शिकावं लागतं.
तो म्हणाला, बाळा, चित्र मीच काढलंय.
मॅडमची नजर चित्रावरून माझ्या कानावर आली. तिथेच थांबली.

रविवार, १० मे
बॅग भरली. बाबा फोनवर म्हणाले, उद्या सकाळी दुकान तू उघड.
ताईने सोफ्याचं पांढरं कव्हर धुवायला काढलं आणि किंचाळली. उशीपाशी काळे ठिपके, ओळीने. मी म्हटलं, ताई, जरा लांबून बघ.
ती लांब गेली. चप्पल आणायला.